१९६८ च्या मस्टँगला इंदुरात चाकं बसवताना

'भिया, इनोवा की चढ़ा दो, पाँच नट की है, सीधी बैठेगी.' जुन्या अमेरिकन गाडीच्या चाकांचा विषय काढला की इंदुरात टायरवाल्याकडून पहिलं उत्तर हेच मिळतं. ते अगदीच चूक नाही. व्ही-८ इंजिनाच्या १९६८ च्या फोर्ड मस्टँगला पाच स्टड (चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते आट्यांचे दांडे) असतात आणि त्यांचा पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिमी असतो. इनोव्हाचाही तोच, क्रेटाचाही तोच. (सहा सिलिंडरच्या मस्टँगला चारच स्टड असतात, तिथे हा विषयच निघत नाही.) पण पीसीडी जुळला म्हणजे चाक बसलं असं होत नाही. त्याच्या पुढची चार मापं कुणी घेत नाही आणि घोळ तिथेच होतो.

पहिलं माप मधल्या भोकाचं. मस्टँगच्या पुढच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचा, मधला गोल भाग ७०.६ मिमीचा. इनोव्हाच्या रिमचं भोक ६०.१, क्रेटाचं ६७.१. दोन्ही रिमा हबवर चढतच नाहीत. खरादवाले काका म्हणतात, 'द्या इकडे, अर्ध्या तासात मोठं करून देतो.' देतीलही. पण इनोव्हाच्या रिमचं भोक साडेदहा मिमीनं वाढवायचं म्हणजे कॅपची बैठक जाते आणि आरे जिथे हबला मिळतात तिथलाच माल कमी होतो. क्रेटाच्या रिममध्ये साडेतीन मिमी काढणं एक वेळ चालून जाईल, पण तिथे ऑफसेट आडवा येतो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे ते (+ म्हणजे बाहेरच्या अंगाला). आजच्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांना +४० ते +५० ऑफसेट लागतो, साठच्या दशकातल्या अमेरिकन गाडीला शून्याच्या आसपास. हिशेब साधा आहे. रिमवर लिहिलेली रुंदी टायर बसण्याच्या जागेची असते. दोन्ही काठ धरून ती साधारण एक इंचानं वाढते. साडेसहा इंची, +४५ ऑफसेटची रिम घेतली तर पूर्ण रुंदी साडेसात इंच, १९० मिमी. निम्मे ९५, त्यात ४५ मिळवले की आतल्या काठापासून हबपर्यंतचं अंतर झालं १४० मिमी. यालाच बॅकस्पेस म्हणतात. मस्टँगला चालणारी सात इंची शून्य ऑफसेटची रिम पूर्ण आठ इंच, २०३ मिमी रुंद असते आणि तिची बॅकस्पेस चार इंच, म्हणजे १०२ मिमी. फरक ३८ मिमीचा. दीड इंच आत सरकलेलं चाक पुढे स्टीअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाला भिडतं आणि मागे लीफ स्प्रिंगच्या पाट्यांना. मधे ३८ मिमीचा ॲडॅप्टर घालता येतो, पण मग हबपासून चाकापर्यंत नटांचे दोन संच होतात. त्यातला आतला संच चाक काढल्याशिवाय तपासता येत नाही. आम्ही तो रस्ता सोडला.

गाडीबरोबर अमेरिकेहून १५ बाय ७ ची, पाच आऱ्यांची चार ॲल्युमिनियम चाकं आली होती, जुन्या टॉर्क थ्रस्ट वळणाची. बॅकस्पेस मोजली, बरोबर चार इंच. मोजण्यासाठी वेगळं हत्यार लागत नाही. टायर नसलेली रिम उलटी ठेवायची, आतल्या काठावर आडवी सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंत खोली मोजायची. टायरसकट मोजलं तर टायरची फुगलेली कड हिशेबात येते आणि आकडा १०-१५ मिमीनं खोटा निघतो.

पीसीडीसुद्धा नेमका मोजावा लागतो. पाच स्टडमध्ये समोरासमोर जोडी नसते, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचं आणि ०.५८८ नं भागायचं. ६७.२ मिमी आलं तर ११४.३, ६५.८ आलं तर ११२. दीड मिमीसुद्धा फरक नाही, त्यामुळे फोक्सवॅगन-स्कोडाची ११२ ची रिम ११४.३ वर नट आवळत आवळत बसवणारे भेटतात. नट तिरके बसतात, शंभर किलोमीटरात सैल होतात आणि स्टड वाकतो. जनरल मोटर्सच्या कॅमॅरो किंवा शेव्हेलवर हाच प्रकार बीएमडब्ल्यूच्या रिमनं होतो. जनरल मोटर्सचं माप पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५, आणि बीएमडब्ल्यूचं १२०. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

स्टड तपासणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. मस्टँगचा स्टड अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आटे. आपल्याकडच्या गाड्यांचे स्टड १२ मिमीचे, कुणाचे दीडच्या पिचचे, मारुतीचे सव्वाच्या पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). इंचाला २० आटे म्हणजे १.२७ मिमी पिच, आणि मारुतीची १.२५. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की अर्ध्या इंचाचा नट मारुतीच्या स्टडवर हातानं सुळसुळ फिरतो, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो. पण स्टडचा व्यास १२.७ ऐवजी १२ आहे, म्हणजे बाजूला प्रत्येकी ०.३५ मिमी पोकळी, आणि आट्यांची पकड जवळपास निम्मी. मागच्या डाव्या ड्रममागे असा एक स्टड निघाला. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत मूळ स्टड तुटला असावा. भोक मोठं आणि नवा स्टड बारीक म्हणून मागून वेल्डिंगचा टाका मारून तो उभा केलेला. बाहेरून पाहून कळणं शक्य नव्हतं, थ्रेड गेज लावल्यावर कळलं. म्हणून वीसच्या वीस स्टडना गेज लावायचं, एखादा सोडायचा नाही.

नवा स्टड घेताना आटे जुळले एवढं पुरत नाही. मुळाशी जो खाचांचा पट्टा असतो त्याचा व्यास व्हर्नियरनं मोजून तोच घ्यायचा. हातोड्यानं ठोकून बसवायचा नाही, प्रेसवर दाबायचा. प्रेस नसेल तर वायसर आणि उलटा नट लावून ओढून घ्यायचा, पण त्यासाठी वापरलेला नट नंतर फेकून द्यायचा. पुढे ड्रम ब्रेक असतील तर आणखी एक सावधगिरी. या गाड्यांत पुढचा ड्रम आणि हब स्टड फुलवून एकमेकांना जखडलेले असतात. तो फुललेला काठ आधी कटरनं काढला नाही आणि तसाच प्रेसवर दाबला, तर बाहेर येताना स्टड हबचं भोक मोठं करून जातो. मग नवा स्टड फिरत राहतो आणि हबच बदलावा लागतो.

आट्यांची दिशा फोर्डला चारही चाकांवर सरळ. क्रायस्लरच्या १९७० पर्यंतच्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, जुन्या विलिस जीपसारखे. क्रायस्लरच्याच डॉज चार्जर किंवा प्लिमथच्या डाव्या चाकाला लांब पाइप लावून नट 'सोडवायला' निघालेला माणूस प्रत्यक्षात तो आवळत असतो, स्टड तुटेपर्यंत.

आमच्या चाकांना नटासाठी तिरकी बैठक नव्हती, सरळ गोल भोकं होती. अशा चाकाला शँकवाले नट लागतात: खाली सरळ नळीसारखा भाग, वर जाड वायसर. चाकाचं मधलं भोक ८३ मिमी आणि हब ७०.६, त्यामुळे हब या चाकाला मध्यावर धरत नाही. ते काम शँक करतो. शँक भोकात हातानं सरकला पाहिजे पण डुगडुगता कामा नये. त्याची लांबी चाकाच्या बैठकीच्या जाडीपेक्षा थोडी कमीच हवी. जास्त झाली तर शँक ड्रमवर टेकतो, टॉर्कचा पाना क्लिक करतो आणि चाक मात्र सैलच राहतं. नट हातानं फिरवताना वेढे मोजायचे. अर्ध्या इंचाच्या २० आट्यांच्या स्टडवर किमान आठ पूर्ण वेढे मिळाले पाहिजेत. आमच्याकडे नऊ मिळाले, त्यामुळे लांब स्टडची गरज पडली नाही. तिरक्या बैठकीचा नट असता तर पडली असती, कारण ॲल्युमिनियमची बैठक लोखंडी रिमच्या तिप्पट-चौपट जाड असते.

ड्रमच्या स्टडवर पत्र्याच्या पातळ चकत्या अडकवलेल्या दिसल्या तर त्या आधी काढायच्या. कारखान्यात गाडी जुळवताना ड्रम पडू नये म्हणून त्या लावतात, नंतर त्यांचा उपयोग नाही. लोखंडी रिमला त्या चालून जातात, सपाट बैठकीच्या ॲल्युमिनियम चाकाला नाही. चाक एका बाजूनं मिलिमीटरभर उचललेलं राहतं आणि ते शोधण्यात दोन दिवस जातात. ड्रमच्या तोंडावरचा रंगाचा जाड थरही काढायचा. चाकाखाली रंग दबला की नटाचा ताण उतरतो.

आता टायर. १९६८ ची ही गाडी मूळ १४ इंची रिमवर ७.३५-१४ च्या बायस टायरवर (आजच्या रेडियलच्या आधीचे, तिरक्या थरांचे टायर) चालायची, ज्याला आजच्या भाषेत साधारण १९५/७५ आर १४ म्हणता येईल. उंची सुमारे ६४८ मिमी. चाकांबरोबर आलेले टायर २३५/६० आर १५ होते, पांढऱ्या उठावदार अक्षरांचे, दिसायला झकास. बाजूवरच्या तारखेच्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे २३०९, म्हणजे २००९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी जवळपास नवी, पण कडेला खांद्यापाशी बारीक भेगांची जाळी. रबर वापरानं झिजतं तसं नुसतं उभं राहूनही मरतं, आणि इंदूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही. हे टायर रस्त्यासाठी बाद, पण मापासाठी ठेवले.

तसेच नवे मागवावेत तर २०२० च्या जूनपासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत आहे, परवान्याशिवाय येत नाही. म्हणून इथल्या दुकानात जे मिळतं त्यातून उंची जुळवायची. हिशेब पाठ करून ठेवावा: रुंदी गुणिले टक्के गुणिले दोन, अधिक रिमचा व्यास. १५ इंची रिम ३८१ मिमी. १९५/६५ आर १५ ची उंची ६३४ मिमी, म्हणजे गाडी बसल्यासारखी दिसते आणि स्पीडोमीटर दोन टक्के जास्त दाखवतो. बोलेरोचा २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३, पुढच्या मडगार्डात मावणारच नाही. आणि जुन्या इनोव्हाचा २०५/६५ आर १५? २०५ गुणिले ०.६५ गुणिले २ म्हणजे २६६.५, त्यात ३८१ मिळवले की ६४७.५. मूळ टायरच्या उंचीशी एका मिमीच्या आत जुळलं! टायरवाल्याची इनोव्हा शेवटी कामी आली, पण तिची रिम नव्हे, टायर.

२०५ रुंदी मसल कारला कमी वाटते हे खरं. पण टायरची छापील रुंदी नावापुरती असते, सहा इंची रिमवर या मापाचा टायर साधारण २०९ मिमी भरतो. रिम अर्धा इंच वाढली की टायर साधारण ५ मिमी पसरतो. सात इंची रिमवर हा टायर कडेपासून कडेपर्यंत २१८-२१९ मिमी भरला. भारांक ९४, म्हणजे एका टायरला ६७० किलो. गाडी साधारण १,३०० किलोची, तेव्हा त्यात काळजी नाही. मागच्या बाजूनं पाहिलं की चाककमानीत जागा रिकामी दिसते, हे मात्र मान्य. रुंद मागचे टायर हीच ज्याची हौस आहे त्याचं यानं समाधान होणार नाही.

ती हौस भागवायची तर किती जागा आहे, हे जुन्या २३५ च्या टायरवर मोजून ठेवलं. गाडी सपाट फरशीवर, मागचा ॲक्सल स्टँडवर, भार चाकांवर असतो तसा. मडगार्डाच्या काठावरून ओळंबा सोडला आणि टायरच्या फुगलेल्या कडेपर्यंत अंतर घेतलं: डावीकडे ९ मिमी, उजवीकडे ४. आतल्या बाजूनं पाट्यापासून डावीकडे २२, उजवीकडे २७. बेरीज दोन्हीकडे ३१, म्हणजे जागा सारखी आहे पण ॲक्सलच्या मानानं बॉडी अडीच मिमी सरकलेली आहे. पन्नास वर्षांच्या बिनचासिसच्या गाडीत हे नेहमीचं, आणि मागचे पत्रे कधी बदलले असतील तर फरक याहून मोठा निघतो. म्हणून एका बाजूचं माप घेऊन दुसरी बाजू तशीच धरू नये. २०५ चा टायर लावल्यावर दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मिमी वाढले: बाहेर १९ आणि १४, आत ३२ आणि ३७.

उजवीकडचे चार मिमी दिसायला 'सुटतंय ना' असे वाटतात. पण लीफ स्प्रिंगच्या गाडीत ॲक्सल आडवा हलतो. वळणावर पाटे पिळतात, पाट्यांना बॉडीशी जोडणाऱ्या शॅकलमधले रबरी बुश दबतात आणि जुने बुश असतील तर सात-आठ मिमी सरकणं सहज होतं. आमच्या मते मागे आतून १२ आणि बाहेरून १५ मिमीपेक्षा कमी ठेवू नये. आमच्या उजव्या बाजूला १४ च आहेत, म्हणून मागचे सगळे बुश नवे घातले. त्याच्या आधी सिमरोलच्या पुढच्या भेरूघाटात २३५ चे टायर लावून सावकाश एक चक्कर मारली होती, फक्त मापासाठी. उजव्या टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढून ठेवली होती, ती डाव्या वळणांतच पुसली गेली.

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे मागच्या चाककमानीची आतली कड हातोड्यानं वर वळवणं. १९६७-६८ च्या मस्टँगला ही कड बाहेरचा पत्रा आणि आतलं चाकघर यांना स्पॉट वेल्डनं जोडते. ती वळवली की सांध्यातलं सीलंट फुटतं, पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर दिसतो. काळ्या मातीचा चिखल तिथे जाऊन बसला की वाळत नाही. करायचंच असेल तर हॉट एअर गननं रंग तापवून, रोलरनं थोडं थोडं, आणि नंतर सांधा पुन्हा भरून. कड कापून टाकणं मात्र अजिबात नको. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे नियम आले, त्यांत व्हिंटेज गाडीची व्हीए मालिकेची नोंदणी हवी असेल तर सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. चाकं परत बदलता येतात, कापलेला पत्रा येत नाही.

पुढच्या बाजूला मापाची पद्धत वेगळी. मस्टँगची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर, शॉक टॉवरच्या, म्हणजे बॉडीतल्या उभ्या पेटीच्या आत बसते. ती काढून आर्म मोकळा केला की जॅकनं चाक वर-खाली नेता येतं. स्प्रिंग काढताना चांगला कॉम्प्रेसर हवा. दोरी-साखळीच्या जुगाडाचा विचारही करू नये, ती स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. शॉक टॉवरच्या कडा, मडगार्डाची मागची खालची बाजू आणि स्ट्रट रॉड (खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा), जिथे शंका असेल तिथे मुलांच्या खेळातल्या रंगीत चिकणमातीच्या गोळ्या चिकटवल्या. मग चाक बंप स्टॉपला (वरच्या टोकाच्या रबरी थांब्याला) टेकेपर्यंत वर आणि पूर्ण लोंबेपर्यंत खाली, आधी सरळ, मग दोन्हीकडे पूर्ण वळवून. गोळी किती दबली ते व्हर्नियरनं मोजलं. पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड स्ट्रट रॉडपासून ८ मिमीवर राहिली. इथे ॲक्सलसारखी आडवी हालचाल नसते, तेव्हा आठ पुरतात. २३५ चा टायर इथे रॉडला लागलाच असता.

ब्रेकचीही जागा पाहायची. १९६८ ला पुढे डिस्क घेतलेली असेल तर डिस्कला पकडणारं एका पिस्टनचं सरकतं कॅलिपर असतं, त्याच्यावर आणि आऱ्यांच्या मागच्या बाजूत किमान ३ मिमी हवेत. इथे विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बॅलन्सिंगची चिकट वजनं. रिम हातानं फिरवताना सगळं सुटतं, मग आतून वजनं चिकटवली जातात आणि पहिल्याच फेरीत कॅलिपर ती खरवडून काढतं. वजनं कुठल्या पट्ट्यात चिकटवायची हे खडूनं आखून दुकानात न्यावं.

टायर चढवण्याआधी रिमचा वाकडेपणा डायल गेजनं पाहिला. आडवा आणि उभा, दोन्ही एक मिमीच्या आत असले की बरं. एक रिम ०.९ मिमी निघाली, ती मागच्या चाकासाठी ठेवली. बीड, म्हणजे टायरचा आतला कडक काठ, बसते त्या कडेवर ॲल्युमिनियमचा पांढरा गंज होता, तो हिरव्या घासणीनं घासून काढला. सॅन्डपेपरनं ओरखडे पडतात आणि हवा तिथूनच गळते. व्हॉल्व्हच्या भोकाकडे लक्ष द्यावं. जुन्या अमेरिकन रिमांना दोन मापांची भोकं असतात, ११.५ मिमीच्या आसपास आणि १६ मिमीच्या आसपास. इथे सर्रास मिळणारा रबरी व्हॉल्व्ह पहिल्या मापाचा. मोठ्या भोकात तो बसल्यासारखा वाटतो आणि वेगात उडतो.

चढवताना बीडला साबणाचं पाणी. डिझेल किंवा जुनं ऑइल लावायची सवय अजून गेलेली नाही, त्यानं रबर फुगतं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर फिरतो. बीड बसवायला ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. बसत नसेल तर हवा काढून पुन्हा साबण.

बॅलन्सिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. दुकानातलं यंत्र चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतं, जे आजच्या गाड्यांना बरोबर आहे. आपलं चाक मात्र गाडीवर नटांच्या भोकांवर मध्य धरतं, मधलं भोक तितकं काटेकोर कापलेलंच नसतं. शंकूवर शून्य दाखवलेलं चाक ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंगमध्ये थरथर देत होतं. नटांच्या भोकांत बोटं घालून धरणारी फ्लँज प्लेट लावून पुन्हा मोजलं तर तेच चाक ३५ ग्रॅमनं चुकलेलं. अशी प्लेट शहरात मोजक्या ठिकाणी आहे, आधी फोन करून विचारावं. टायर चुकीचा आहे म्हणून बदलून मागण्याआधी हे करून पाहावं.

अलाइनमेंटच्या संगणकात १९६८ ची मस्टँग नसते. चालवणारा जवळची म्हणून कुठली तरी सेडान निवडतो आणि पडद्यावर हिरवं दिसलं की झालं. आकडे कागदावर लिहून द्यावेत. मूळ पुस्तकातले आकडे बायस टायरसाठी आहेत. रेडियलवर आम्ही कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) +२ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश आणि टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली ते) दोन्ही चाकं मिळून ३ मिमी ठेवला. पॉवर स्टीअरिंग असेल तर कॅस्टर तीनपर्यंत नेता येतो, हातानं वळवायची गाडी असेल तर दोनच्या वर हात दुखतात. १९६७ पासून कॅम्बर खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टवर आणि कॅस्टर स्ट्रट रॉडच्या नटांवर जुळतो, त्याआधीच्या गाड्यांत वरच्या आर्मखाली शिम घालतात. स्ट्रट रॉड ओढून कॅस्टर वाढवला की खालचा आर्म पुढे येतो आणि त्याच्याबरोबर चाकही ४-५ मिमी पुढे सरकतं. म्हणजे चिकणमातीच्या गोळ्यांचं सगळं माप अलाइनमेंटनंतर पुन्हा. ते आधी करून ठेवलं तर वाया जातं, आमचं गेलंच.

नट ताऱ्याच्या क्रमानं, एकाआड एक, तीन फेऱ्यांत: आधी हातानं, मग ६० न्यूटन-मीटर, शेवटी १०८. एअर गन फक्त काढायला. आट्यांना ऑइल लावायचं नाही. तेल लावलेल्या आट्यावर तोच आकडा स्टडला बराच जास्त ताण देतो. टायर थंड असताना हवा पुढे ३२ पीएसआय, मागे ३०. व्ही-८ चं बरंचसं वजन पुढे असतं. टायरवर आडवी खडूची रेघ ओढून शंभरेक मीटर सरळ चालवायचं. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, कडेचा गेला तर कमी.

पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे आणि कागदावर तो या कामाला उत्तम. पण तिथे गतिरोधक नाहीत. आपल्याला रस्ता हवा. डिकीत पन्नास किलोच्या वाळूच्या दोन गोण्या, मागच्या सीटवर दोन माणसं, आणि राऊहून महू, तिथून मानपूरचा घाट उतरून परत. प्रत्येक उताराआधी चारही टायरच्या कडांना खडू. परत आल्यावर उजव्या मागच्या टायरचा खडू शाबूत, आणि पुढे डावीकडे आतल्या बाजूला एक बोटभर पुसट डाग. शोधल्यावर कळलं, ब्रेकच्या रबरी पाइपचा क्लिप अर्धा निसटलेला होता आणि पूर्ण वळणावर पाइप टायरला लागत होता. क्लिप बसवला.

८० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले. वीसपैकी तीन थोडे फिरले, तिन्ही मागच्या उजव्या चाकाचे. त्या ड्रमवरचा रंग नीट निघालेला नव्हता. चाक काढून घासलं, पुन्हा आवळलं, पुढच्या दीडशे किलोमीटरांत हलले नाहीत.

राहिलं स्टेपनीचं. डिकीत मूळ १४ इंची लोखंडी रिम आहे, तिच्यावर १९५/७५ चा टायर, उंची जुळते, म्हणून मागेही चालते. पुढे डिस्क असेल तर ती कॅलिपरवरून जाते का हे घरीच चढवून पाहायचं, सगळ्या १४ इंची रिमा जात नाहीत. आणि शँकवाले नट या रिमला धरत नाहीत, तिला तिरक्या बैठकीचे अर्ध्या इंचाचे नट लागतात. असे पाच नट कापडी पिशवीत घालून जॅकच्या दांड्याला बांधून ठेवले आहेत.